फ्लॉपीशिवाय संगणक अपुरा

जुना संगणक जपायचा म्हणजे त्याचे यंत्र आणि त्यावरचे खेळ जपायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बीबीसी मायक्रोचा इतिहास पाहिला तर ती अपुरी ठरते. ब्रिटनमधल्या बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने घडवलेले हे यंत्र डिसेंबर १९८१ मध्ये आले. त्याच्या ‘मॉडेल बी’मध्ये अवघी ३२ केबी मेमरी होती. १९८४-८५ मध्ये भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून हेच यंत्र आपल्या शाळांतही पोहोचले. बटण दाबताच समोर बेसिक भाषा उभी राहायची, कारण मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहावा हाच त्यामागचा हेतू होता. लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर साठवणे आणि दुसऱ्याला देणे हा त्या शिक्षणाचाच भाग होता. म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, आपले काम टिकत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही, तो त्या संगणकाचे अर्धेच पुनरुज्जीवन करतो.

मॅट गॉडबोल्ट यांचा ‘जेएसबीब’ हा एम्युलेटर बीबीसी मायक्रो थेट ब्राउझरमध्ये चालवतो. काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही, आणि फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिच्यातल्या माहितीची फाइलरूपी नक्कल, गूगल ड्राइव्हवर ठेवण्याची सोयही त्यात आहे. ही सोय वरवरची नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीवर विसंबता येत नाही. सफारी ब्राउझर तर २०२० पासून, सात दिवसांच्या वापरात एखाद्या साइटकडे वळून पाहिले नाही, तर तिने साठवलेली माहिती पुसून टाकतो. साठवायची प्रतिमाही चिमुकली असते. ४० ट्रॅक, प्रत्येकात १० सेक्टर, प्रत्येक सेक्टर २५६ बाइटचा, म्हणजे एकूण १,०२,४०० बाइट. खरी अडचण आकाराची नसून शिस्तीची आहे. प्रत्येक सेक्टर लिहिताच तो क्लाउडवर धाडला तर यंत्र रखडेल, म्हणून बदल काही काळ साठवून एकत्र पाठवावे लागतात. तीच फ्लॉपी घरी आणि शाळेत एकाच वेळी उघडली, तर नंतरचे लेखन आधीचे पुसून टाकेल. म्हणून जुन्या आवृत्त्या राखाव्या लागतात. परवानगीही फक्त एम्युलेटरने स्वतः तयार केलेल्या फायलींपुरती मागावी. गूगल ड्राइव्हमध्ये तशी मर्यादित परवानगी मागता येते. वापरणाऱ्याची बाकीची कागदपत्रे पाहण्याचे एम्युलेटरला कारण नाही.

देवाणघेवाणीसाठी तर क्लाउडचीही गरज नेहमी पडत नाही. बेसिकचा छोटा प्रोग्राम लिंकमध्येच मावतो, आणि वेबपत्त्यात ‘#’ नंतर येणारा मजकूर सर्व्हरकडे जातच नाही. त्यामुळे शिक्षकाने पाठवलेली लिंक उघडताच विद्यार्थ्यासमोर तोच प्रोग्राम येऊ शकतो, आणि तो बदलून परत धाडता येतो.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा आहे: त्या काळी क्लाउड नव्हता. पण एम्युलेटरमधल्या यंत्राच्या दृष्टीने ती फ्लॉपीच असते. बदलते ती फ्लॉपी ठेवण्याची जागा. दुसरा आक्षेप स्वामित्व हक्काचा, आणि तो रास्त आहे. १९८४ चा ‘एलिट’ हा खेळ कितीही जुना वाटला तरी ब्रिटिश कायद्यानुसार निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क टिकतो. म्हणून साठवण मुळात खाजगी असावी आणि देवाणघेवाण स्वतःच्या कामाची असावी. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: क्लाउड सेवा उद्या बंद पडली तर? बीबीसीच्याच १९८६ च्या डोम्सडे प्रकल्पाने ही भीती खरी ठरवली आहे. दहा लाखांहून अधिक लोकांचा सहभाग असलेला तो प्रकल्प खास लेसर डिस्कवर ठेवला गेला, आणि दीड दशकातच ती माहिती वाचण्यासाठी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांना एम्युलेशनचा आधार घ्यावा लागला. ज्याच्या स्मरणार्थ तो प्रकल्प झाला, तो १०८६ चा चर्मपत्रावरचा डोम्सडे ग्रंथ मात्र आजही वाचता येतो. डोम्सडेची माहिती अडकली ती एकाच खास साधनात. तेव्हा क्लाउडला एकमेव ठिकाण न मानता प्रत्येक फ्लॉपी खुल्या, सर्वज्ञात स्वरूपात केव्हाही उतरवून घेता आली पाहिजे.

एम्युलेटर घडवणाऱ्यांनी काम साठवण्याची, दुसऱ्याला देण्याची आणि उतरवून घेण्याची सोय शेवटची पुरवणी न समजता मूळ आराखड्यातच धरावी, आणि वापरणाऱ्यांनी क्लाउडवरच्या आपल्या प्रत्येक फ्लॉपीची एक प्रत स्वतःजवळ उतरवून ठेवावी.