पेढ्यापासून उपवासापर्यंत
देहाचा कारभार : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण अन्न पचून रक्तात उतरेपर्यंत आलो होतो. आज त्यापुढे. उदाहरणासाठी लांब जायला नको, आपल्या भूम तालुक्यातली कुंथलगिरी पुरे. कुलभूषण-देशभूषण मुनींचं हे सिद्धक्षेत्र. जैन नसलेल्यांनाही त्याचं नाव पाठ असतं ते खव्या-पेढ्यामुळे. सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबली की कुणी ना कुणी पाव किलो बांधून घेतंच.

याच कुंथलगिरीवर १४ ऑगस्ट १९५५ रोजी आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना (आमरण उपवासाचं जैन व्रत) घेतली. ऐंशी ओलांडलेलं वय, दृष्टी अधू झालेली. १८ सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला. त्याआधी ८ सप्टेंबरला, म्हणजे सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रितही झाला. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. शरीरशास्त्राला मात्र इथे एक प्रश्न पडतो : इतके दिवस पोटात अन्न नसताना मेंदू चालतो कशावर?

आधी पेढ्याचं पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्यात ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन पेढ्यांत त्याहून कितीतरी जास्त साखर. ती सगळी रक्तातच राहिली तर आकडा कुठल्या कुठे जाईल. तसं होत नाही, कारण घास आतड्यात पोचताच तिथली संप्रेरकं स्वादुपिंडाला वर्दी देतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. मग स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं पृष्ठभागावर येतात. यकृत ग्लुकोजची साखळी करून तिचं ग्लायकोजेन साठवतं. शिवाय स्वतः रक्तात साखर सोडणं थांबवतं. हे दुसरं काम फारसं सांगितलं जात नाही, पण मधुमेहात पहाटेची साखर वाढलेली दिसते ती बरेचदा यकृताने हात आवरला नाही म्हणून. निरोगी माणसात दोन तासांत आकडा (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) पुन्हा १४०च्या खाली येतो. १८०च्या आसपास गेला की मूत्रपिंडालाही ग्लुकोज अडवणं जमत नाही, ते लघवीवाटे जातं.

आता उलटी बाजू. रात्री जेवण उरकल्यावर काही तासांनी इन्सुलिन उतरतं आणि त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन वाढतं. यकृत हे आपलं पेव. ग्लुकागॉनच्या सांगण्यावरून ते उघडतं. पण त्यात माल असतो सुमारे १०० ग्रॅम, आणि एकट्या मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. म्हणजे दिवसभरात खडखडाट. मग यकृत नवं ग्लुकोज घडवू लागतं : चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, लॅक्टेटपासून आणि स्नायूंच्या प्रथिनांपासून. शेवटचा मार्ग महागडा. मेंदूची सगळी गरज अशीच भागवायची म्हटलं तर स्नायू झपाट्याने झिजतील आणि माणूस फार दिवस तग धरणार नाही.

शरीर काय करतं? दोन-तीन दिवसांनंतर यकृत चरबीपासून कीटोन भराभर बनवू लागतं आणि मेंदू हळूहळू त्यांच्यावर चालायला शिकतो. १९६७ साली बॉस्टनमध्ये ओवेन, केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या स्थूल स्वयंसेवकांच्या मेंदूकडे जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासून हे दाखवलं. मेंदूची निम्म्याहून अधिक गरज कीटोनवर भागत होती. लाल पेशींना मात्र ग्लुकोजच लागतं, म्हणून ते शून्यावर कधीच जात नाही. थोडं खाली येतं आणि तिथेच टिकतं. लांबलेल्या उपासात मूत्रपिंडंही ग्लुकोज बनवायला हातभार लावतात.

नवरात्रात तुळजापूरची वाट चालणाऱ्यांनी घटाचे नऊ दिवस धरले तरी निरोगी शरीर ते निभावून नेतं. (साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या उपवासात साखर कमी होते असं मात्र कुणी समजू नये, साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्चच.)

पण या साऱ्याचा पाया एकच : खाणं थांबलं की इन्सुलिन आपोआप उतरलं पाहिजे. टोचून घेतलेलं इन्सुलिन तसं उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्याही ताट समोर असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच राहतात. अशा वेळी हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात, उपवासाचा अशक्तपणा आहे. आकडा ७०च्या खाली गेला असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा; उपवास मोडला तरी चालेल. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि ही औषधं चालू असणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी, आपल्या मनाने गोळी बंद करू नये.