गाडी आपली, वेग भाड्याचा

भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट प्रवासी घेऊन येणारी रो-रो बोट १५ मार्च २०२० रोजी मांडव्याला सुरू झाली. त्याआधी मुंबईच्या माणसाला स्वतःची गाडी घेऊन इकडे यायचे तर पनवेल, पेण, वडखळ असा वळसा पडत असे. आता गाडी बोटीवर चढवली की तासाभरात ती मांडव्याच्या जेटीवर उतरते. मुंबईच्या बाजारात जे नवे येते ते त्यामुळे आमच्या किनाऱ्यावरही लवकर दिसू लागले आहे. हिरव्या नंबरप्लेटच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि स्कूटर हे त्याचे ठळक उदाहरण.

मांडवा, रेवस, अलिबाग, मुरूड या पट्ट्यातील आमचे अनेक वाचक टॅक्सी, रिक्षा, मिनीडोर चालवतात किंवा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. डिझेल-पेट्रोलचा खर्च पाहता आज ना उद्या विजेच्या गाडीचा विचार त्यांना करावाच लागेल. तो करताना एक नवी गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे, म्हणून हा लेखप्रपंच. गोष्ट अशी की, गाडीची पूर्ण किंमत मोजून ती घरी आणली तरी तिची पूर्ण ताकद आपल्या हाती आलेली असतेच असे नाही. उरलेली ताकद कंपनी कुलपात ठेवते आणि त्या कुलपाची किल्ली वेगळ्या पैशाने विकते किंवा भाड्याने देते.

हे कुलूप असते तरी कोठे?

पेट्रोलच्या गाडीची ताकद वाढवायची तर बहुधा इंजिनाला हात लावावा लागतो. विजेच्या गाडीत बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची हे गाडीतला संगणक ठरवतो. त्या संगणकाला जी आज्ञावली दिलेली असते तिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. मोटर आणि बॅटरी जास्त काम करू शकत असली तरी सॉफ्टवेअरने 'इतकेच' म्हटले की गाडी तेवढीच धावते. पुढे पैसे भरले की कंपनी मोबाईलच्या जाळ्यातून तो आकडा बदलते. ना पाना लागतो, ना गॅरेज. एकही नवा भाग न बसवता तीच गाडी अधिक जोराने पळू लागते.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. टेस्ला कंपनीने २०१६ मध्ये 'मॉडेल एस ६०' नावाची मोटार विकली. तिच्यात प्रत्यक्षात ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी होती, पण ६० इतकीच वापरता येईल असे बंधन घातलेले होते. बाकीची हवी असेल तर हजारो डॉलर वेगळे. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात 'अर्मा' चक्रीवादळ आले आणि लोक घरेदारे सोडून निघाले, तेव्हा कंपनीने त्या भागातल्या अशा गाड्यांचे बंधन काही दिवसांपुरते मोफत उठवले. लोकांची सोय झाली, पण जी बॅटरी इतके दिवस आपण वाहून नेत होतो तिचा एक भाग आपल्याला बंद होता, हेही जगाला त्या वेळी नीट कळले. डिसेंबर २०१९ मध्ये याच कंपनीने मॉडेल ३ च्या एका प्रकारासाठी २,००० डॉलरला वेगवाढ विकायला काढली. थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैलांचा वेग गाठायला ४.४ सेकंद लागत, ते ३.९ वर आले.

मर्सिडीज-बेंझने २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत हीच सोय वर्षाला १,२०० डॉलर भाड्याने देण्याचे जाहीर केले. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ या मोटारीची ताकद २०१ वरून २२८ अश्वशक्तीवर नेण्यासाठी तीन दर ठेवले : महिन्याला १६.५० पौंड, वर्षाला १६५ पौंड किंवा कायमचे ६४९ पौंड.

आपल्याकडे पुण्याची स्कूटर

हे सारे परदेशात चालते असे समजून वाचकांनी पान उलटू नये. बजाजची विजेवरची चेतक स्कूटर पुण्याजवळ आकुर्डीला तयार होते. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'चेतक अर्बेन'चा साध्या रूपातला कमाल वेग ताशी ६३ किलोमीटर होता, तर 'टेकपॅक' नावाचा जादा पैशाचा संच घेतला की तो ७३ होत असे. जून २०२४ मध्ये ९५,९९८ रुपयांना (एक्स-शोरूम) आलेल्या 'चेतक २९०१' साठी हा संच ३,००० रुपयांना होता. चढावर गाडी मागे न घसरणे, मागे घेण्याची सोय आणि स्पोर्ट व इकॉनॉमी हे चालवण्याचे प्रकार त्यात मिळत. बंगळूरच्या एथर कंपनीचा 'प्रो पॅक' याच जातीचा. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडले, तेव्हा मॉडेल वाय ही मोटार ५९.८९ लाखांपासून होती आणि 'स्वयंचलनाचे' सॉफ्टवेअर वेगळे ६ लाख रुपयांना होते.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. टाटा मोटर्सने जुलै २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्हीच्या नव्या आवृत्तीत ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत भरण्याचे कमी-जास्त टप्पे दिले, आणि सुमारे २२ हजार जुन्या ग्राहकांनाही ते सॉफ्टवेअर फुकट दिले. म्हणजे एकच तंत्र ग्राहकाला भेट म्हणूनही देता येते आणि भाड्यानेही लावता येते.

दोन्ही बाजू

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एकच मोटर व एकच बॅटरी सर्व गाड्यांना बसवली तर कारखान्याचा खर्च कमी होतो. ज्याला जास्त वेग नको त्याने त्याचे पैसे का भरावेत? शिवाय गाडी घेताना हात आखडता असेल तर साधी घ्यावी आणि धंदा वाढल्यावर सोय वाढवावी, हा मार्ग मोकळा राहतो.

ग्राहकाची बाजूही तितकीच रास्त आहे. मोटर आणि बॅटरी त्याच्या गाडीत आहेत, त्यांचे ओझे तो वाहतो, कर्जाचे हप्ते तो भरतो. मग त्याच वस्तूच्या वापरासाठी दुसऱ्यांदा पैसे का? लोकांचा हा रोष कंपन्यांनाही जाणवला आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत बैठक गरम ठेवण्याची सोय मासिक भाड्याने देऊ केली होती. त्यावर मोठी ओरड झाली आणि २०२३ मध्ये कंपनीने ती पद्धत सोडली.

जुन्या गाडीचा प्रश्न

आमच्या मते खरी मेख जुन्या गाडीच्या व्यवहारात आहे. कोकणातला धंदेवाईक माणूस पुष्कळदा मुंबई-पुण्याची वापरलेली गाडी घेतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिन पाहिले, टायर पाहिले, एक फेरी मारली की अंदाज येतो. विजेच्या गाडीत फेरी मारताना जी ताकद दिसते ती पहिल्या मालकाने भाड्याने घेतलेली असेल, तर मुदत संपताच ती नाहीशी होईल. अमेरिकेत २०२० च्या सुरुवातीला असा प्रकार गाजला. एकाने दलालाकडून जुनी टेस्ला घेतली. जाहिरातीत दाखवलेल्या स्वयंचलनाच्या सोयी कंपनीने दुरूनच काढून घेतल्या होत्या, कारण तुम्ही त्याचे पैसे आम्हाला भरलेले नाहीत, असे तिचे म्हणणे. वृत्तपत्रांत बभ्रा झाल्यावर त्या परत मिळाल्या. प्रत्येक ग्राहकाच्या पाठीशी वृत्तपत्र उभे राहील असे नाही.

येथे फोक्सवॅगनचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ६४९ पौंड भरून घेतलेली कायमची वाढ माणसाच्या नव्हे, गाडीच्या नावे राहते, म्हणजे ती नव्या मालकाकडे जाते. अशी अट लेखी असेल तर गाडीला पुढे किंमत येते, नसेल तर भरलेला पैसा बुडीत समजावा.

हिशेब धंद्याचा

भाडे की कायमचे, हे कसे ठरवावे? वरच्याच दरांवर हिशेब करून पाहू. महिन्याला १६.५० पौंडांप्रमाणे ६४९ पौंड होण्यास सुमारे ३९ महिने लागतात. त्यापेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची आणि सोय बारमाही वापरायची तर कायमची खरेदी स्वस्त. पण मांडव्याचा धंदा बारमाही सारखा नसतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात आणि प्रवासी रोडावतात. आठ महिन्यांचेच भाडे भरले तर वर्षाला १३२ पौंड पडतात, आणि ६४९ गाठायला जवळजवळ पाच हंगाम लागतात. आपल्याकडे कोणी मासिक दर देऊ केला तर त्या रुपयांना हीच रीत लावावी.

त्याहून आधीचा प्रश्न म्हणजे गरज. मांडव्याहून चोंढीमार्गे अलिबागला जाणाऱ्या रस्त्यावर प्रवाशाला अर्धा सेकंद वाचवून काय मिळणार? जोरात वेग घेतला की बॅटरी लवकर उतरते, टायर झिजतात, आणि त्यासाठी कोणी भाडे वाढवून देत नाही. चढावर गाडी मागे न घसरण्याची सोय मात्र कार्लेखिंडीसारख्या ठिकाणी रोज उपयोगी पडेल. म्हणून संच घेताना त्यातली कोणती सोय आपल्या पोटापाण्याची आणि कोणती हौसेची, हे वेगळे करून पाहावे.

'कुलूप आम्ही स्वस्तात तोडून देतो' असे सांगणारे कारागीरही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. कंपनीची हमी जाण्याचा धोका असतोच, शिवाय काही कुलपे कायद्याचीच असतात. ताशी २५ किलोमीटर व २५० वॅटच्या आतल्या दुचाकीला नोंदणी लागत नाही. तिचे बंधन काढून वेग वाढवला की ती बेकायदा ठरते. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा दुचाकींविरुद्ध मोहीम काढली होती.

कागद हातात हवा

२०२३ मध्ये केंद्र सरकारच्या अनुदान योजनेत वादंग झाला. विजेच्या दुचाकीची किंमत मर्यादेत दिसावी म्हणून चार्जरचे पैसे वेगळे घेतले गेल्याचा आक्षेप आला, आणि ओला, एथर, टीव्हीएस व हिरोच्या विडा या कंपन्यांनी ग्राहकांना पैसे परत करण्याचे जाहीर केले. ज्यांच्याजवळ बिल होते त्यांना आपला हक्क दाखवणे सोपे गेले असणार हे उघड आहे.

म्हणून सौद्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत. ही सोय कायमची की मुदतीची? ती गाडीच्या नावे की माझ्या नावे? मुदत संपल्यावर किंवा कंपनीने सेवा बंद केल्यास गाडी कशी चालेल? ताकद वाढवल्याने हमी व विमा यांवर काही परिणाम होतो काय? जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या मोबाईलमधले खाते आपल्या नावे करून घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

फसवणूक झालीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी किंवा रिक्षा चालवणारा माणूस या कायद्याने ग्राहकच ठरतो, 'धंद्यासाठी घेतली' म्हणून त्याला परतवता येत नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे, म्हणजे रायगडकरांना अलिबागलाच, करता येते. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत व्हावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही, हिशेब जमला तर ती जरूर घ्यावी. फक्त काय विकत घेतले आणि काय भाड्याने, हे दुकानातून बाहेर पडण्याआधी कळलेले असावे. ज्या वाचकांनी अशा गाड्यांचा व्यवहार केला आहे त्यांनी आपला अनुभव आम्हाला जरूर कळवावा.