संथ दृष्टि आणि सैल प्रथिन

गिरगांवच्या रस्त्यांत उभा असलेला मनुष्य एका दुकानाच्या पाटीवरून दुसऱ्या पाटीकडे पाहतो, तेव्हां त्याची दृष्टि क्षणार्धांत उडी घेते. कांहीं रोग्यांची ही उडी नाहींशी होते. नजर हळूहळू सरकत जाते. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांतील मज्जासंस्थेच्या रोगांचे तज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्या ध्यानांत ही गोष्ट आली. पाय अडखळणें, तोल जाणें, वाणी जड होणें, यांच्या जोडीला अशी संथ दृष्टि असलेल्या नऊ कुटुंबांची हकीकत त्यांनीं व स्वामी यांनीं १९७१ सालीं ‘ब्रेन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. हें लक्षण पाहण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं. रोग्यापुढें दोन बोटें धरलीं कीं पुरे.

रोग आनुवंशिक, हें उघड होतें. पण बिघाड कोठें, हें कळण्यास आणखी २५ वर्षें लागलीं. १९९६ सालीं बाराव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक सांपडलें. त्यांत सी-ए-जी हीं तीन अक्षरें पुनःपुन्हां येतात: निरोगी माणसांत बहुधा २२ वेळां, रोग्यांत साधारणतः ३३ किंवा अधिक वेळां. १९९८ सालीं वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं सहा भारतीय कुटुंबांत हाच दोष दाखविला.

या जनुकाबरहुकूम शरीर ‘अटॅक्सिन-२’ नांवाचें प्रथिन तयार करतें, आणि प्रत्येक सी-ए-जीमागें त्यांत ग्लुटामिनचा एक मणि ओवला जातो. पुष्कळ प्रथिनें घडी घातलेल्या वस्त्राप्रमाणें ठराविक आकार धरतात. अटॅक्सिनचा बराच भाग मात्र सोडलेल्या दोऱ्यासारखा सैल असतो. हा सैलपणा म्हणजे दोष नव्हे. त्याच्यामुळेंच हें प्रथिन पेशींतील निरनिराळ्या रेणूंना बिलगूं शकतें व त्यांना सोडूंही शकतें. अनर्थ होतो तो ग्लुटामिनची माळ लांबली म्हणजे. लांब माळा हायड्रोजनच्या दुव्यांनीं एकमेकींस धरतात, थरावर थर बसतात, आणि सैल दोरा ताठर होऊन त्याची गुठळी बनते. गुठळीच घातक, कीं तिच्या आधींचे बारीक पुंजके, हा शास्त्रज्ञांतील वाद अद्यापि मिटलेला नाहीं. लहान मेंदूंतील पेशी मात्र मरत जातात.

माळ जितकी लांब, तितका रोग लवकर. आणि पिढीगणिक ती वाढूं शकत असल्यामुळें मुलगा बापाहून तरुण वयांत आजारी पडूं शकतो. रोग्याच्या प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याचा संभव निम्मा. रक्ताच्या चांचणीनें तो कळतो. मूळ रोगावर इलाज मात्र नाहीं. अशा घरांतील धडधाकट मुलीनें लग्नापूर्वीं चांचणी करून घ्यावी कीं नाहीं, याचें उत्तर वैद्य देऊं शकत नाहीं. तें तिचें तिलाच द्यावें लागतें.

२०१७ सालीं उंदरांवरील एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बिघडलेलें प्रथिन सुधारण्याऐवजीं, तें बनविण्याचा पेशींतील निरोपच त्यांत अडविण्यांत आला होता. त्या उंदरांच्या हालचालींत सुधारणा दिसली.