घरची मांजर (भाग ५): कुंथणारा बोका

मागच्या भागात दुधाचा विषय झाला. धारेच्या वेळी गोठ्यात वाटीभर दूध मिळणाऱ्या मांजरीचे जुलाब बरेचदा दूध बंद केल्यावर थांबतात, कारण मोठेपणी अनेक मांजरांना ते पचत नाही. आता कोणत्या तक्रारीला थांबायचं आणि कोणत्या तक्रारीला लगेच निघायचं, ते पाहू.

एकदाच ओकली, केसांचा गोळा पडला आणि तासाभरात पुन्हा उंबऱ्यावर उड्या मारू लागली, तर नुसतं लक्ष ठेवा. पण चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही, तर मी वाट पाहणार नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साचू लागते, आणि मूळ दुखणं राहतं बाजूला, कावीळच जीवावर उठते. लस न टोचलेलं पिल्लू ओकत असेल, जुलाबात रक्त असेल आणि ते मलूल पडलं असेल, तर पॅनल्युकोपेनियाची शंका घ्यायची. तिथे चोवीस तासही फार होतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बोक्याच्या बाबतीत. तो पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो. घरचे म्हणतात, पोट साफ होत नाही, एरंडेल पाजा. खरं तर अनेकदा त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, त्यात बारीक खडे किंवा चिकट साका अडकतो. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. रात्री लक्षात आलं तर रात्रीच फोन लावा.

संक्रांतीनंतर मांज्याचं लचांड असतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. आत त्याचं टोक अडकलेलं असेल, तर ओढताना आतडं कापलं जातं.

कच्च्या कोंबडीचे तुकडे टाकण्याची सवय आता सोडावी. जानेवारी २०२५ मध्ये पेंचच्या जंगलापलीकडच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लू सापडला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगानं गेल्याचं उघड झालं. मांस शिजवूनच द्या.

पारशिवनीसारख्या गावात जनावरांच्या दवाखान्याला सवय गाई-म्हशींची, म्हणून निघण्याआधी मांजर तपासतील का ते विचारून घ्या. लघवी तुंबली किंवा दोरा गिळला, तर नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथेही आधी फोन केलेला बरा. वाटेत माणसांची गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. एका गोळीनंही मांजर दगावू शकते. शेवटचं कधी खाल्लं आणि लघवी कधी केली, एवढं मात्र आठवून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतील.

पुढच्या भागात जंत.