नावात मांजर, मैदानात वाघ!

वर्ल्ड कप फुटबॉलच्या एकाच फायनलमध्ये दोन्ही टीम्सच्या खात्यात गोल जमा करणारा खेळाडू कोण, माहीत आहे का? पेले? नाही. झिदान? छे! हा मान क्रोएशियाच्या मारिओ मांजुकिचचा. उंची सहा फूट तीन इंच, पोझिशन फॉरवर्ड आणि चेहऱ्यावरचे भाव कायम असे, की जणू कुणी उधारी मागायला दारात उभं आहे.

तारीख १५ जुलै २०१८, मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम. अठराव्या मिनिटाला फ्रान्सच्या ग्रीझमनने फ्री किक घेतली. मांजुकिच बचावासाठी उडाला, चेंडू त्याच्या डोक्याला चाटून गेला आणि थेट क्रोएशियाच्याच जाळ्यात! वर्ल्ड कप फायनल खेळल्या जात आहेत १९३० पासून, पण फायनलमधला स्वयंगोल हा पहिलाच. इतिहासात नाव गेलं, पण चुकीच्या दाराने.

गडी मात्र खचणाऱ्यातला नाही. स्कोअर ४-१, मॅच जवळपास हातातून गेलेली. एकोणसत्तराव्या मिनिटाला फ्रान्सचा गोलकीपर आणि कॅप्टन ह्युगो लॉरिसकडे एक साधासा बॅकपास आला. लॉरिस महाशयांना हुक्की आली ड्रिबल करायची. समोरून मांजुकिच धावत आला, नुसता पाय पुढे केला आणि झाला गोल! एकदा फ्रान्सला, एकदा क्रोएशियाला. फायनल ४-२ अशी फ्रान्सनेच जिंकली, पण असा समतोल हिशेब फायनलमध्ये दुसऱ्या कुणाला जमलेला नाही.

फायनल सोडून वर्ल्ड कपच्या बाकीच्या मॅच धरल्या, तर हा पराक्रम आधी एकदाच झाला होता. १९७८ साली नेदरलँड्सच्या एर्नी ब्रँट्सने इटलीविरुद्ध.

आता फायनलच्या चार दिवस आधी जाऊ. तेच स्टेडियम, सेमीफायनल, समोर इंग्लंड. एक्स्ट्रा टाइममध्ये १०९व्या मिनिटाला मांजुकिचने गोल ठोकला आणि क्रोएशिया पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये! सगळी टीम त्याच्या अंगावर धावून गेली. त्या ढिगाऱ्याखाली कोण सापडलं असेल? एएफपीचा फोटोग्राफर युरी कोर्तेझ. बिचारा मैदानाच्या कडेला लेन्स बदलत बसला होता. अंगावर अख्खी टीम कोसळली तरी भाऊंनी क्लिक-क्लिक काही थांबवलं नाही! खेळाडूंनी त्याला उठवलं, विचारपूस केली आणि डिफेंडर विदाने तर त्याचा मुकाच घेतला. इतक्या जवळून काढलेले सेलिब्रेशनचे फोटो दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात असणार?

अजून एक गंमत. त्या स्पर्धेत डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड अशा तिन्ही बाद फेऱ्यांत क्रोएशियाला एक्स्ट्रा टाइम खेळावा लागला. प्रत्येकी तीस मिनिटं, म्हणजे एकूण नव्वद. थोडक्यात, फायनलला येईपर्यंत एक अख्खी मॅच जास्तीची झाली होती. बोनस म्हणा नाहीतर ओव्हरटाइम!

मारिओचा जन्म १९८६चा, गाव स्लावोन्स्की ब्रोद. तो लहान असतानाच क्रोएशियात युद्ध पेटलं आणि कुटुंब जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या डिट्झिंगनला गेलं. वडील मातो स्वतः फुटबॉलपटू. पोराने पहिले धडे गिरवले ते तिथल्याच क्लबात. पुढे याच जर्मनीत तो बायर्न म्युनिककडून ट्रेबल, म्हणजे एकाच मोसमात तीन मोठ्या ट्रॉफी, जिंकणार होता, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात आलं असेल?

करिअरभर एक योग मात्र त्याच्या पत्रिकेतच लिहिलेला दिसतो: दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायचं! २००७ मध्ये एदुआर्दो आर्सेनलला गेला, डिनामो झाग्रेबने त्याच्या जागी मांजुकिच आणला. वोल्फ्सबर्गमध्ये जेको मँचेस्टर सिटीला गेल्यावर फॉरवर्ड लाइनचा भार याच्यावर. बायर्नमध्ये मारिओ गोमेझ जखमी झाला आणि याला दार उघडलं. अ‍ॅटलेटिको माद्रिदचा दिएगो कोस्टा चेल्सीला गेला, तिथेही हाच. प्रत्येक ठिकाणी आधीच्या माणसाचं नाव मोठं, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांना थोड्याच दिवसांत या पठ्ठ्याची सवय झाली.

मारिओंवरून आठवलं. युरो २०१२ मध्ये सर्वाधिक म्हणजे प्रत्येकी तीन गोल सहा जणांनी केले. त्यातले तिघे मारिओ! इटलीचा बालोतेल्ली, जर्मनीचा गोमेझ आणि आपला मांजुकिच. उरलेले तिघे रोनाल्डो, टोरेस आणि रशियाचा झागोएव. गोल्डन बूट मात्र टोरेसने पटकावला. एवढे मारिओ आणि एकाच्याही हाती बूट नाही?

आता एक भारी रेकॉर्ड. युरोपियन कप किंवा चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये दोन वेगवेगळ्या क्लबांकडून गोल करणारे पहिले तिघे कोण, माहीत आहे का? पहिला वेलिबोर वासोविच (पार्टिझान १९६६, अयाक्स १९६९). दुसरा रोनाल्डो. तिसरे आपले मांजुकिचराव: २०१३ ला वेम्बलीवर बायर्नकडून डॉर्टमुंडविरुद्ध, २०१७ ला कार्डिफमध्ये युव्हेंटसकडून रेआल माद्रिदविरुद्ध.

आणि तो कार्डिफचा गोल! यूट्यूबवर पाहिला नसेल तर वाचन थांबवून आधी बघून या. बोनुच्चीचा लांब पास, आलेक्स सांद्रोने तो खाली पडू न देता आत मारला, हिग्वाइनने अधांतरीच पुढे सरकवला, मांजुकिचने छातीवर झेलला आणि गोलकडे पाठ असताना हवेत उलटा होऊन गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात! अख्ख्या मूव्हमध्ये चेंडू गवताला शिवला म्हणून नाही. यूएफाच्या ‘गोल ऑफ द सीझन’साठी चाहत्यांनी त्यालाच निवडलं. निकाल? रेआल ४, युव्हेंटस १. गोल अजरामर, कप गायब.

त्याच मॅचमध्ये रेआलकडून दोन गोल केले रोनाल्डोने. आणि वर्षभराने दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये, युव्हेंटसच्या जर्सीत. नशीब पण कमाल स्क्रिप्ट लिहितं.

युव्हेंटसमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र गोलची नाही. २०१७ मध्ये कोच अलेग्रीने या आडदांड सेंटर फॉरवर्डला चक्क लेफ्ट विंगवर नेलं. तिशी ओलांडलेला दुसरा एखादा स्ट्रायकर असता तर फुगून बसला असता. हा मात्र परत मागे पळून बचाव करू लागला, समोरच्या फुलबॅकला घाम फोडू लागला. हा असताना क्लबकडे इटालियन लीगच्या चार ट्रॉफी लागोपाठ आल्या, त्यात याच्या घामाचा वाटा मोठा.

इंडिया कनेक्शन हवंय? घ्या. २०१२-१३ मध्ये क्रोएशियाच्या टीमचा कोच होता इगोर स्टिमॅक. होय तोच, जो २०१९ ते २०२४ आपल्या सुनील छेत्री आणि मंडळींचा कोच होता!

युव्हेंटसनंतरची कतारच्या अल-दुहैलमधली काही महिन्यांची कारकीर्द पटकन ओलांडू. मग एसी मिलान. दुखापतीने बेंचवर बसवलं, तेव्हा मार्च २०२१ चा पगार त्याने घेतलाच नाही. काम नाही तर दाम नाही! ती रक्कम क्लबच्या समाजसेवी संस्थेकडे वळवली गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्ती. पत्रकार परिषद वगैरे नाही, त्याने पत्र लिहिलं आणि तेही छोट्या मारिओला, म्हणजे लहानपणीच्या स्वतःला. ताजा कलम काय, माहीत आहे का? इंग्लंडविरुद्ध वर्ल्ड कपमध्ये खेळायची वेळ आलीच, तर १०९व्या मिनिटाच्या सुमारास तयार राहा!

पण पिक्चर अभी बाकी होता. त्यासाठी आधी जरा मागे जाऊ. आइसलँडविरुद्धच्या प्लेऑफमध्ये रेड कार्ड खाल्ल्यामुळे २०१४ च्या वर्ल्ड कपची पहिली मॅच, तीही यजमान ब्राझीलविरुद्ध, या गड्याला बाहेर बसून बघावी लागली होती. पुढच्याच मॅचमध्ये कॅमेरूनला दोन गोल ठोकून त्याने वसुली केली. निवृत्तीनंतर क्रोएशियाचा असिस्टंट कोच झाल्यावर आता शांत होईल असं वाटलं ना? २०२२, कतार, सेमीफायनल, समोर मेस्सीचा अर्जेंटिना. पेनल्टीच्या निर्णयावर बेंचवर गदारोळ उडाला, रेफ्रींनी खिशात हात घातला. रेड कार्ड कुणाला? बरोब्बर ओळखलंत.