वहीतील चुकलेली नोंद

व्यापाऱ्याच्या वहीत एक नोंद चुकली की ती पानोपान पुढे ओढली जाते. आनुवंशिक आजारांचेही तसेच आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील दोष आई-वडील दोघांकडून आला, तर अपत्यास बीटा थॅलेसेमिया होतो. तो तीव्र असल्यास दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

जनुकोपचारात रुग्णाच्याच रक्तातील मूळ पेशी काढून, निर्धोक केलेल्या विषाणूकरवी त्यांत निर्दोष जनुक पोहोचवितात. केमोथेरपीने अस्थिमज्जेतील जुन्या पेशी हटवून या पेशी शिरेवाटे परत सोडतात. तेथे रुजून त्या निरोगी रक्त घडवू लागतात. जुनी नोंद खोडली जात नाही. शेजारी बरोबर नोंद लिहिली जाते.

अमेरिकेने २०२२ साली अशा उपचारास मान्यता दिली. किंमत २८ लाख डॉलर! शिवाय ही दुरुस्ती रुग्णाच्या रक्तापुरतीच. मूळ दोष पुढील पिढीकडे जातोच.

म्हणून पत्रिका पाहताना वधू-वरांची थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी २५ टक्के धोका असतो. वाहक असणे हा कुळाचा कमीपणा नव्हे. ते लपविणे मात्र अपत्यास महाग पडते.