दिवाळीनंतरचा आजार

शाळेच्या पुस्तकात रोगांचे कप्पे ठरलेले असतात: संसर्गजन्य, आनुवंशिक, दीर्घकालीन. सरकारी कार्यक्रमही तसेच आखलेले. क्षयाचा वेगळा, सिकलसेलचा वेगळा, मधुमेह-रक्तदाबाचा वेगळा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मात्र हे कप्पे एकमेकांत मिसळतात. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की इथल्या कातकरवाड्या रिकाम्या होऊ लागतात. उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आजार कोणत्याही कप्प्यातला असो, त्याचे पुढे काय होणार हे बरेचसे या सहा-सात महिन्यांत ठरते.

सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा बदल. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन गोठल्यासारखे होते, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य कळा येतात. नंदुरबार-गडचिरोलीइतके नसले, तरी हे जनुक ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यातही आढळते. ते टिकले कसे, याचे उत्तर संसर्गातच आहे. आईबापांपैकी एकाकडूनच ते आलेल्या वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये मांडले. पूर्वी जंगलपट्ट्यातल्या डासांनी जे निवडले, त्याचा त्रास आज दोन्हीकडून जनुक मिळालेल्या मुलाला होतो.

जनुक तर जन्मतःच ठरलेले, मग त्यात भट्टीचा काय दोष, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. जनुक बदलत नाही. कळा केव्हा आणि किती वेळा येतील, हे मात्र बदलते. शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम, थंडी, ताप ही त्यांची नेहमीची कारणे. भट्टीवर ही सगळी एकत्र भेटतात. हायड्रॉक्सीयुरियाने कळांचे प्रमाण घटते, पण ती गोळी रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. म्हणजे रुग्ण दवाखान्याच्या आवाक्यात हवा.

क्षयाचे गणित आणखी सरळ आहे. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. श्रावणात निदान झाले तर गोळ्या माघापर्यंत चालतात, आणि दिवाळी येते मध्येच. तोवर खोकला थांबलेला, अंगात ताकद आलेली, डोक्यावर उचल. अशा वेळी औषध सुटले की अज्ञान आणि भगत यांच्या नावाने बोटे मोडणे सोयीचे असते. भगताकडे लोक जातात, हे खरेच. पण ज्याने दोन-तीन महिने इमानाने गोळ्या घेतल्या, त्याने भट्टीवर गेल्यावर त्या सोडल्या, तर दोष त्याच्या श्रद्धेला कसा द्यायचा? पोटाचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. झारखंडात क्षयरुग्णांच्या कुटुंबांना जादा शिधा देऊन पाहिला, तेव्हा घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. जंतू तोच होता, ताट बदलले होते.

क्षयरुग्णाची नोंद आता संगणकावर असते आणि ती दुसऱ्या तालुक्यात हलवता येते, तेव्हा अडचण संपली, असेही म्हटले जाते. नोंद हलते हे मान्य. पण भट्टीवरून आरोग्य केंद्रात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि उचल फिटायची असताना मालकाकडे सुट्टी मागणे सोपे नसते. सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले, 2047 चे उद्दिष्ट ठेवून. त्याची तपासणी आणि क्षयाची तपासणी एकाच दिवशी, कापणीच्या आधी, वाडी भरलेली असताना का होऊ नये? निघताना रुग्णाच्या हाती दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, आणि पुढच्या गोळ्या भट्टीवर पोचवण्याचे काम तिथल्या आरोग्य केंद्राकडे सोपवावे. वाड्या कधी ओस पडतात, हे गावातल्या आशाताईंना कुणी सांगावे लागत नाही.